सुताचा जोड

अमरावतीच्या आमच्या घरी एक जुनी विलायती मोटार होती. वडिलांनी ती एका जिनिंग फॅक्टरीच्या मालकाकडून घेतली, तेव्हाच तिचे वय वीस वर्षांचे होते. रंग गडद हिरवा, पुढे दोन मोठे दिवे आणि चालताना एक संथ, घुमणारा आवाज. तो आवाज मला अजून कधीकधी दुपारी ऐकू येतो. जागेपणी येतो की झोपेत, हे मी तपासलेले नाही.

विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेल्यानंतरची ती दुसरी की तिसरी सुगी असेल. मी तेवीस वर्षांचा होतो. कायद्याची परीक्षा देऊन घरी बसलो होतो आणि मोटार चालवण्याचे काम माझ्याकडे होते. दिवाळीनंतर तिच्या ब्रेकची नळी गंजून फुटली. वडिलांनी जिनमधल्या फिटरला बोलावले. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. तीस वर्षे तो वाफेच्या नळ्या जोडत आला होता. त्याच्या हाताविषयी शंका घेण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती.

मिस्त्रीने तांब्याची नवी नळी घातली. गळती होऊ नये म्हणून जोडाच्या आट्यांवर सूत गुंडाळले, त्यावर सफेद्याचा लेप चोपडला आणि नट आवळला. मी शेजारी उकिडवा बसून पाहत होतो. सुताचे वेढे इतके सारखे पडत होते की पाहता पाहता डोळ्यांवर गुंगी यावी.

"मिस्त्री, मोटारीले बी सूतच लागते काय?"

"तीस वर्सं वाफ थांबली याच्यावर. हे चमचाभर तेल किस झाड की पत्ती? दाबा आता."

मी पायडल दाबले. ते दगडासारखे टणक लागले.

थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणत असू. ती अकोल्याला दिली होती. दोन वेळा तिची आशा चौथ्या महिन्याच्या आतच संपली होती. या खेपेस सातवा लागला. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, हे ठरलेलेच होते. मात्र डॉक्टरांनी बजावले होते की तिला धक्का बसता कामा नये. रेल्वेने आणायचे तर बडनेऱ्याला गाडी बदलायची, पूल चढायचा आणि उतरायचा. म्हणून मोटार. निघताना वडील एवढेच म्हणाले, "हळू आण."

अकोल्याला मी एक मुक्काम केला. सकाळी गाडी पुसायला अंगणात गेलो, तर मागच्या चाकाजवळ फरशीवर तळहाताएवढा ओला डाग होता. बोट लावून पाहिले. ब्रेकचे तेल. पायडल दाबले, ते निम्मे आत गेले. तेवढ्यात ओसरीवर खडावांचा आवाज झाला. बाईचे सासरे बाहेर येत होते. जुने वकील, मोजके बोलणारे. सुनेला न्यायला आलेल्या गाडीत खोट निघाली, तर त्या घरात बाईच्या माहेराला काय म्हणतील, हा एकच विचार माझ्या मनात आला. मी फडक्याने डाग पुसून टाकला. गाडीत ठेवलेल्या डब्यातले तेल ब्रेकच्या टाकीत भरले आणि पायडल दहा-बारा वेळा हलवले. ते पुन्हा वर आले.

"गाडी ठीक हाय ना?" सासऱ्यांनी विचारले.

"हो जी."

इथून पुढचा दोष मिस्त्रीचा नाही.

मार्गशीर्षातली सकाळ होती. अकोला मागे पडले आणि रस्ता धुक्यात शिरला. मी ताशी पंधरा मैलांच्या वर जात नव्हतो. मागच्या आसनावर दुहेरी गादी घालून बाई पाय लांब करून बसली होती. काळी जमीन दोन्ही बाजूंनी कुठवर गेली आहे ते दिसत नव्हते. धुके पातळ होई तेव्हा एखादा बैल, एखादी विहीर जवळ येई आणि मागे विरून जाई. जिनकडे जाणाऱ्या गाड्यांतला कापूस कडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकला होता. मैलच्या मैल प्रत्येक फांदीवर पांढरे पुंजके.

"बाभळीले कापूस लागला, बापू," बाई म्हणाली.

माझे सगळे लक्ष उजव्या पायात होते. तरीही ते पुंजके मी पाहिले, आणि आज त्या प्रवासातले सर्वात स्पष्ट मला तेच दिसतात.

मूर्तिजापूर चारेक मैलांवर राहिले असताना रस्ता एका नाल्याकडे उतरतो. उतार फार नाही. खाली रपट्यावर, नाल्यातल्या ठेंगण्या फरशीवर, कापसाच्या बैलगाड्यांची रांग थांबली होती. मी पायडल दाबले. ते अलगद तळाला गेले. पुन्हा दाबले, पुन्हा तळाला. गियर खाली घेतला, हातब्रेक ओढला. गाडीचा वेग कमी झाला, पण ती थांबली नाही. शेवटच्या बैलगाडीच्या मागून कापूस भिंतीसारखा फुगून बाहेर आला होता. आमच्या मोटारीचे नाक त्या भिंतीत सावकाश शिरले. दोन्ही दिवे आत बुडाले. समोरच्या काचेवर पांढरे पांढरे आले आणि आम्ही थांबलो. आवाज झालाच नाही.

आधी मी मागे वळून पाहिले. बाई दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. "मी ठीक हावो," ती म्हणाली.

गाडीवान खाली उतरून मागे आला. म्हातारा, खांद्यावर घोंगडी. त्याने मोटार पाहिली, मला पाहिले.

"काहून जी, कापूस पारखाले आले काय? थे काम जिनात होते."

"ब्रेक गेला, बुवा."

"माह्या बैलाईले ब्रेक नाई, तरी उभे हायेत पाहा." मग त्याला बाई दिसली आणि त्याचा स्वर बदलला. "अरे! दोन जीवाच्या पोरीले घेऊन असा येते काय कोनी?"

बाईने काच खाली केली. "बापू, सकाळी अंगनात फडक्यानं काय पुसत होता?"

मी काचेवरचा कापूस झटकू लागलो.

"मी खिडकीतून पाह्यलं. तेल होतं ना?"

"मग बोलली काहून नाही?"

"सासऱ्यासमोर तुही मान खाली जाईन म्हनून." मग ती म्हणाली, "तू माह्यासाठी चूप बसला, मी तुह्यासाठी. ज्याच्यासाठी निंगालो, त्याचा इचार कोनीच केला नाई."

तिने हे रागावून म्हटले नाही.

गाडीवानाने कापसात दोन हातांनी खड्डा केला, वर घोंगडी अंथरली. "ये माय, याच्यावानी गादी राजाच्या घरी नाई." आम्ही दोघांनी धरून तिला वर बसवले. मग बैल निघाले आणि वीस-पंचवीस हात मागे, पहिल्या गियरमध्ये, हातब्रेकच्या मुठीवर हात ठेवून मी निघालो.

ते चार मैल मला किती वेळ लागले ते सांगता येणार नाही. धुके वर चढत होते. पुढे उंचावर बाई बसली होती, कमरेपर्यंत कापसात, डोक्यावर पदर, तोंड माझ्याकडे. तिचे डोळे मिटले होते. गाडी डोलली की ती डोलत होती. खाली चाक आहे, रस्ता आहे, असे तिच्याकडे पाहून वाटत नव्हते. बैलांच्या घुंगरांचा आणि मोटारीचा आवाज एकात एक मिसळला होता. मी लहान असताना ती मला कडेवर घेऊन शेतावर जात असे. तेव्हा मला ती अशीच उंच वाटत असे.

मूर्तिजापूरला मोटार एका जिनच्या छपराखाली सोडली आणि दुपारची रेल्वे पकडली. बडनेऱ्याला दोन हमालांनी तिला खुर्चीत बसवून पूल ओलांडून दिला. ही साधी गोष्ट आधी आमच्यापैकी कोणालाही सुचली नव्हती.

घरी आल्यावर मी वडिलांना सर्व सांगितले. फडक्याचेही सांगितले. ते म्हणाले, "उद्या मिस्त्रीला घेऊन जाऊ."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री मोटारीखाली शिरला आणि नट सोडवला. सूत तेलाने काळे पडून कुजले होते. त्याने पिशवीतून जुनी, गंजलेली नळी काढली आणि तिचे तोंड उजेडात धरले. ते धोतऱ्याच्या फुलासारखे बाहेर पसरलेले होते.

"हे तोंड खराब होऊन पसरलं, असं समजलो मी," तो म्हणाला. "आन् नव्या नळीले सरळच तोंड ठेवलं. याच फुलावर तेल थांबते, मालक. सुतावर नाई."

"वाफ थांबली ना तीस वर्षं," वडील म्हणाले.

"वाफ एकसारखी रेटते. पाय एकदम मारते." मग त्याने नव्या नळीचे तोंड फुलवायला घेतले. तीन वेळा ते चिरले. चौथ्यांदा जमले. सुताचे रीळ त्याने पिशवीतून काढलेसुद्धा नाही.

माघात बाईला मुलगी झाली. दोघीही सुखरूप. अडीच-तीन महिन्यांनी तिचे सासरे दोघींना न्यायला आले. जेवणे झाल्यावर वडिलांनी पाटावरूनच त्यांना अकोल्याच्या अंगणातली गोष्ट सांगितली. काही कमी केले नाही, काही वाढवले नाही. मी उष्ट्या ताटासमोर बसून होतो.

सासऱ्यांनी फुलपात्रातले पाणी संपवले. मग म्हणाले, "आता पोचवाले कोन येईन?"

"हाच येईल," वडील म्हणाले. "पण निघण्याआधी तुमच्यादेखत गाडीखाली जाऊन पाहील, आणि जे असेल ते मोठ्याने सांगेल."

निघायच्या सकाळी मी धुतल्या कपड्यांनिशी मोटारीखाली उताणा झालो. आत गारवा होता. सकाळचे ऊन चाकांच्या मधून पट्ट्यापट्ट्यांनी येत होते. वडील वर बसून माझ्या सांगण्याप्रमाणे पायडल दाबून धरत होते. मी एकेक जोड बोटांनी चाचपला, नळी जिथे जिथे वळत होती तिथे हात फिरवला.

"काय हाय?" सासऱ्यांचा आवाज आला.

"कोरडं आहे," मी म्हणालो.

"पुन्हा पाहा."

मी पुन्हा पाहिले. चाकापलीकडे बाईची जोडवी घातलेली पावले दिसत होती. ती मुलीला घेऊन उभी होती, एका पायावरून दुसऱ्या पायावर हलके झुलत.

"कोरडंच आहे."

पावले वळली. दार उघडल्याचा आवाज झाला आणि माझ्या चेहऱ्यावर गाडी किंचित खाली आली. बाई आत बसली होती.