उभ्याने पाहिलेली मालिका

मामी आठची मालिका उभ्याने पाहायची. बाकीची माणसं टीव्हीसमोर ऐसपैस पसरलेली असायची. मामा खाटेवर, सुनीताताई दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत जमिनीवर, शेजारच्या दोघीतिघी भिंतीला टेकून. मामी मात्र स्वयंपाकघराच्या दारात, एक हात चौकटीवर ठेवून, अर्धी आत, अर्धी बाहेर. "आई, बस की. स्टँडवर उभी हाय का तू?" सुनीताताई तिला चिडवायची. "माझं काम पडलंय आत," मामी म्हणायची. काम काही पडलेलं नसायचं.

त्या मालिकेत एक दुरावलेली मुलगी होती. तान्ही असताना दुसऱ्यांच्या हाती दिलेली, आणि मोठी झाल्यावर त्याच घरात खोटं नाव सांगून स्वयंपाकीण म्हणून शिरलेली. ती कोण हे आम्हा बघणाऱ्यांना ठाऊक होतं, तिच्या आईला ठाऊक नव्हतं. मुलीला चांगलं नाव होतं, पण आमच्या घरात सगळे तिला 'ती हरवलेली' म्हणत. ती पडद्यावर आली आणि तिच्यामागची बासरी सुरू झाली की मामी आत जाऊन नळ सोडायची. पाणी कुठल्या भांड्यात पडत नसे, नुसतं मोरीत वाहत असे. प्रसंग संपला की नळ बंद, आणि मामी पुन्हा दारात.

मामी कशाला भिते हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही. कारण मामी ही माझी जन्मदाती. तीन मुलींच्या पाठीवरची मी चौथी. मामाच्या थोरल्या बहिणीला, नांदगावला, मूल नव्हतं. मी सव्वा महिन्याची असताना मामीने मला तिच्या ओटीत घातलं. आमच्याकडे अशी मुलगी देताना कागद कोणी करत नसे. चार बायका बोलवायच्या, नारळ ठेवायचा, आणि देणारीने सगळ्यांसमोर एकदा म्हणायचं, आजपासून ही तुमची. एवढ्यावर नाती फिरायची. जन्म देणारा बाप मामा झाला, आई मामी झाली, सख्ख्या बहिणी मामेबहिणी झाल्या. जी खरी आत्या, तिला मी आई म्हटलं, आणि दुसऱ्या कोणाला कधी म्हटलं नाही.

हे मला घरात कोणी सांगितलं नाही. नांदगावच्या शाळेत एका मुलीशी भांडण झालं, तेव्हा ती म्हणाली, "तू तर दिलेली हायेस." मी घरी येऊन कोणाला काही विचारलं नाही. दिलेली वस्तू परत मागता येते, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. तेव्हापासून नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढे मामाच्या मळ्यात उन्हाळ्याची सुट्टी घालवायची मला भीती वाटे. मी कपड्यांची पिशवी कधी पूर्ण रिकामी केली नाही. ती उशाशी घेऊन झोपायची. सकाळी जाग आली की आधी हात पिशवीकडे जायचा.

मामीचे माझ्यापुरते वेगळे नियम होते. तिने मला कधी स्वतःच्या हाताने वाढलं नाही. पातेलं माझ्यासमोर सरकवायची आणि म्हणायची, "घे तुझ्या हातानं, लाजू नको." सुनीताताईला आणि तिच्या बहिणींना ती वेण्या घालता घालता धपाटे घालायची. मला तिने बोटसुद्धा लावलं नाही. त्या धपाट्यांचा मला हेवा वाटे. मी तिला आवडत नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पुढे सुनीताताईनेच सांगितलं. तिने एकदा मामीला विचारलं होतं, पोरीला वाढत का नाही? मामी म्हणाली होती, "हातानं वाढलं की माया लागती. माया लागली की जीभ घसरती."

बारावीनंतर अण्णांनी, म्हणजे नांदगावच्या माझ्या वडिलांनी, मला बी.ए.साठी नाशिकला ठेवायचं ठरवलं. ते शाळामास्तर, पोरीने शिकावं यापुढे त्यांना दुसरं काही दिसत नसे. राहायचं अर्थातच मामाकडे. माझी ट्रंक भरताना आई एकच वाक्य बोलली, "तिथं फार रमू नकोस." दर रविवारी ती शेजाऱ्यांच्या फोनवरून फोन करायची.

"मामी काय म्हणते?"

"बरी आहे."

"काही म्हणाली का?"

"काही म्हणजे?"

"काही नाही. जेवलीस का?"

आईला भीती, की मी तिकडचीच होऊन राहीन. मला भीती, की मला ठेवून घेतील. आणि मामीला भीती, की मी एक दिवस विचारीन. असं तिघींचं चाललेलं असताना ती मालिका सुरू झाली. आम्ही जे इतकी वर्षं जपून न बोलता ठेवलं होतं, ते रोज आठ वाजता मोठ्या आवाजात, संगीतासकट, घराच्या मधोमध बोललं जाऊ लागलं.

टीव्ही लावू नका असं मामी म्हणू शकत नव्हती. तसं म्हटलं तर का, हे सांगावं लागलं असतं. मग ती त्या मुलीला नावं ठेवायची. "असं कोणी लोकाच्या घरात येऊन बसतंय का?" "विचारायचं तर पहिल्याच दिवशी विचारून मोकळं व्हावं. रोजचं जेवून वर रोज डोळे काढायचे, ही कुठली रीत?" शेजारच्या बायका हसायच्या. मी माझ्या ताटाकडे बघायची. त्या घरात रोज जेवणारी मीही होतीच.

ती हरवलेली आईला तोंडावर विचारणार, असं आठवडाभर जाहिरातीत दाखवत होते. तो भाग लागायचा त्या संध्याकाळी खोली भरली होती. मी पाणी आणायला आत गेले होते. बासरी सुरू झाली, आणि नळ सुटायच्या ऐवजी घरभर अंधार झाला. त्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग इतकं होतं की दिवे गेले तर कोणी मान वर करत नसे. पण अंधार होता होता मी पाहिलं होतं. मामीचा हात मेन स्विचवर होता.

बाहेर मामा म्हणाला, "फेज गेला वाटतं." शेजारची एक म्हणाली, "मग त्यांचे कसे हायेत?" पलीकडच्या घरात दिवे चालू होते आणि त्यांचा टीव्हीही चालू होता. त्या घराच्या उघड्या खिडकीतून, मधल्या कोथिंबिरीच्या वाफ्यावरून, तो आवाज आमच्या अंधारात स्पष्ट आला. "आई, मला का दिलंस?"

सुनीताताईच्या हातातल्या मेथीची सळसळ थांबली. माझ्यापासून हातभर अंतरावर मामीचा श्वास ऐकू येत होता, धावत आलेल्या माणसासारखा. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल आणि मग नांदगावला परत जायला रस्ताच उरणार नाही.

"तू हितंच हाय का?" ती हळूच म्हणाली.

"हो."

"पाणी घेतलं?"

"घेतलं."

पलीकडे शेवटचं संगीत वाजलं, तेव्हा तिने स्विच वर केला. आमच्या टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली. "आला फेज," मामा म्हणाला. मेथीची सळसळ पुन्हा सुरू झाली. बायका उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तास झाला नाही म्हणून मी दुपारीच घरी आले. मामा आणि ताई मळ्यात होते. खिडकीतून दिसलं, मामी टीव्हीसमोर बसली होती. इतकी जवळ, की गुडघे टेबलाला लागलेले. कालचाच भाग दुपारी पुन्हा दाखवत होते. तिने आवाज पूर्ण बंद केला होता. पडद्यावर त्या मुलीचे ओठ हलत होते, आणि ते थांबले की मामीचे हलत होते. ती तिला काहीतरी सांगत होती, हाताने खुणा करून, समजावून. मला शब्द ऐकू येत नव्हते. आणखी दोन पावलं पुढे गेले असते तर आले असते. मी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी मागे फिरले. मळ्याच्या बांधावर पाच वाजेपर्यंत पुस्तक उघडून बसले. एक ओळ वाचली नाही.

पुढे माझं लग्न झालं, मीही नांदगावच्याच शाळेत शिकवू लागले. नाशिकला गेले की निघताना ओटी भरायची वेळ यायची, आणि मामी सुनीताताईला हाक मारायची. "सुनीते, तू भर तिची." ताई म्हणायची, "तू घरची मोठी, तू भर." तर म्हणे, "दुसरीच्या ओटीत घातलेल्या पोरीची ओटी मी कशी भरू? देवाला काय वाटंल?" हा नियम तिचा तिनेच काढलेला होता. इतर कोणाला असं काही असतं हे ठाऊकही नव्हतं. तांदूळ, खण, नारळ सगळं तीच निवडून आणायची, आणि ताई भरत असताना देव्हाऱ्याकडे तोंड करून बसायची.

मामी गेली त्याच्या आदल्या आठवड्यात मी आणि आई तिला दवाखान्यात भेटायला गेलो. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि डॉक्टरांनी मामाला सांगायचं ते सांगून टाकलं होतं. खोलीबाहेरच्या बाकावर आई अचानक बसली.

"तू एकटी जा आत. आज तिला आई म्हण."

"तुला चालेल?"

"चालेल, नाही चालेल... माझी पण भीती एकदाची जाऊ दे."

मला बघून मामीने चादर हनुवटीपर्यंत ओढली. "एकलीच? वन्सं कुठं?"

"आई बाहेर बसलीय."

तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग विचार आता."

"काय?"

"उगं येड्यासारखं करू नको. किती वर्षं धास्तीत ठेवशील?"

मी म्हटलं, "मला काही विचारायचं नाही, मामी." तिला सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा पडला.

"काहीच नाय?"

"नाही."

"एवढी भ्याले मी. तू घरात आली की भ्याले, तू गेली की भ्याले. सांगायचं समदं जुळवून ठेवलं. आन् तुला विचारायचंच नाय."

मी स्टूल ओढून बसले. म्हटलं, "मग न विचारताच सांग."

ती छताकडे बघत म्हणाली, "सासूबाईंनी दे म्हटलं म्हणून दिली. हे गप बसले म्हणून दिली. ते समदं खरं हाय. पण मी मनात एक ठरवलं व्हतं. वन्संच्या मांडीवर पोर रडली, की उचलायची आन् आत जायचं. मंग कोणी काय बी म्हणू दे."

"मग?"

"तू रडलीच नाय. वन्संचं बोट धरलं आन् गपगार झोपली. मी वाट बघितली. लय वाट बघितली. बायका उठून गेल्या तरी तू काय उठली नाय."

मला परत मागून घेतील, या भीतीत मी लहानाची मोठी झाले. आणि ही बाई त्या दिवशी माझ्या एका रडण्यासाठी कान देऊन बसली होती. आई म्हणायचं ठरवून आले होते, ते ओठांवर आलंच नाही. त्याऐवजी रडू आलं, मोठ्याने, आवरता येईना असं.

मामीने चादरीतून हात काढला आणि माझ्या तोंडावर ठेवला. तिचा हात मला तेव्हा पहिल्यांदा लागला. ती घाबरून दाराकडे बघत होती.

"हळू रड," ती म्हणाली. "वन्सं बाहेर बसल्यात. त्यांना वाटंल, मी पोर नेली."