तळव्याखालचा चेंडू

कळंब्यातलं व्हिडिओ गेमचं दुकान बाबासो मगदूम वारल्यावर त्यांच्या बायकोनं, सुरेखानं, एकटीनं चालवलं. पिना पाडायच्या बोलिंग गेमचं जुनं मशीन बंद पडलं, तेव्हा तिनं त्याची वायरच काढून ठेवली. बाबासो रोज दुपारी जेवून त्यावर एक डाव खेळायचे.

एका दुपारी धूळ पुसताना पडद्याखाली बसवलेल्या, खेळताना हातानं फिरवायच्या चेंडूला तिचा हात लागला. चेंडू गरम होता, नुकताच कुणीतरी फिरवल्यासारखा. मग रोज दुपारी तसंच.

तिनं आधीच विकायला काढलेलं ते मशीन न्यायला गडहिंग्लजहून पावणं आलं. चेंडूला हात लावताच ते दचकले. "वैनी, आत्ता कोण खेळत हुतं?"

"कोण न्हाय. पर मशीन द्यायचं न्हाय आता."

ते गेल्यावर सुरेखानं चेंडूवर हाताचा तळवा ठेवला. चेंडू आपोआप सावकाश फिरू लागला. अंगावर काटा आला, तरी तिनं हात काढला नाही.