मॅचच्या दिवसाचा रस्सा

स्लो कुकर मला ऑफिसातल्या एका मैत्रिणीने दिला. तिच्याकडे तो नुसता पडून होता. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण. दुपारी सगळं घालून बटण फिरवायचं आणि सात-आठ तास विसरून जायचं. पुण्याहून आईने फोनवर विचारलं, "शिट्टी नाही? मग शिजलं हे कळतं कसं?" मी म्हटलं, "विश्वास ठेवायचा." तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात होते.

कुकरची गरज पडली ती फुटबॉलमुळे. माझी मुलगी बारा वर्षांची, गोलकीपर. आम्ही राहतो बंगळूरात, मारतहळ्ळीला, आणि तिच्या वयाच्या मुलींचा धड संघ सापडला तो थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला. पहिलं वर्षभर शनिवारी आम्ही तिघंही जायचो, येताना वाटेत मिळेल ते खायचो. मग माझ्या प्रोजेक्टचं काम नेमकं शनिवारी येऊन बसलं. नवरा म्हणाला, "मी नेतो तिला. तू काळजी करू नकोस." काळजी नव्हती, वाईट वाटत होतं. मैदानावर नाही तर निदान तिच्या ताटात तरी मी असावं, एवढीच माझी हाव होती.

कधी चिकनचा रस्सा, कधी मसुराची आमटी, कधी छोले. सकाळी कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून ठेवायचं, बारा वाजता भांडं भरायचं आणि लॅपटॉपसमोर बसायचं. चारच्या सुमाराला घरभर वास सुटायचा. मध्येच झाकण उघडायचं नसतं, सगळी ऊब निघून जाते. मी कधी उघडलं नाही. साडेआठला दोघं यायची. मुलगी चिखलाने माखलेले मोजे दारातच काढायची आणि मी विचारायचे, "किती अडवले?" "दोन," ती म्हणायची. कधी "तीन." एकदा तिने पेनल्टी अडवली, तर मी ताट वाढायच्या आधी आईला फोन लावला. आईने दुसऱ्या दिवशी सगळ्या सोसायटीला सांगितलं.

एका शनिवारी माझं काम सकाळीच रद्द झालं. मी दोघांना काही बोलले नाही. कुकर आठलाच लावला, आणि तीन वाजता ती दोघं निघाल्यावर भांडं जाड टॉवेलात गुंडाळलं, झाकण दोरीने बांधलं, पाव आणि कागदी वाट्या पिशवीत टाकल्या नि रिक्षात बसले. सगळ्या संघाला मैदानावरच जेवण! मांडीला चटका बसत होता. "स्वल्प निधान, अण्णा," मी रिक्षावाल्याला म्हटलं, जरा हळू घ्या. मुलीसाठी आहे कळल्यावर "सरी, अक्का" म्हणत त्याने खरंच प्रत्येक खड्ड्याला ब्रेक दाबत नेलं.

गोलमध्ये दुसरीच मुलगी उभी होती. मला वाटलं, आज आपली राखीव असेल. बाकावर पाहिलं, नळापाशी पाहिलं, गाडी कुठे दिसते का पाहिलं. शेवटी त्यांच्या कोचताई जवळ आल्या. "आंटी, वो तो दो महीने से नहीं आ रही. आपको पता नहीं?"

"पता है," मी म्हटलं. "बस, ये देने आयी थी."

मॅच संपल्यावर मी तिथे बसून चौदा मुलींना रस्सा वाढला. मुलींनी पावाने वाट्या पुसून खाल्लं. "सुपर, आंटी!" मी हसत होते. स्वतःसाठी मात्र वाटी भरली नाही. दोन महिने माझ्याच घरातल्या दोन माणसांनी माझ्या हातावर तुरी दिल्या होत्या, आणि मी त्यांना गरम गरम वाढत होते.

घरी पोचले तेव्हा दोघं टेबलाशी बसली होती. ओट्यावर नुसता रिकामा कुकर, आतलं भांडं माझ्या हातात. कुणाला काही विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं, "कुठे जात होतात?"

"तलावापाशी बसायचो," नवरा म्हणाला. "मग डोसा खायचो."

डोसा खाऊन वर माझा रस्सा दोनदा मागून घ्यायची! खोटं बोलून आलेली माणसं इतकी पोटभर जेवतात हे मला माहीत नव्हतं.

"आणि ते मोजे?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "बाबाची आयडिया." तलावाकाठच्या चिखलात ती मोजे घोळवून आणत होती. ते मोजे दर रविवारी मी हाताने घासत होते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मुलगी रडायला लागली तेव्हा खरं काय ते कळलं. एका मॅचमध्ये चेंडू तिच्या तोंडावर बसला होता. फार लागलं नव्हतं, पण तिला चेंडूची भीती बसली. समोरून आला की ती डोळे मिटायची. गाडीत तासभर रडली आणि बाबाला म्हणाली, आईला सांगू नकोस.

"का?" मी ओरडलेच. "मी काय मारणार होते?"

"तू इतकी खूश असायचीस ना," ती म्हणाली. "इतकं सगळं करून ठेवायचीस."

मी नवऱ्याला विचारलं, रडली तो शनिवार कोणता. "पेनल्टीवाला," तो म्हणाला. "ती तिने तोंडानेच अडवली."

त्या दिवशी ती जरा सुजलेला ओठ एका बाजूला धरून जेवत होती, आणि मी पाठ फिरवून आईशी फोनवर हसत होते. त्या दोघांना मी अजून माफ केलेलं नाही. कुकर माळ्यावर टाकलाय.

आई मात्र अजून दर रविवारी फोनवर विचारते, "काल किती अडवले गं आमच्या छोकरीने?" किती आनंदाने विचारते.

"दोन," मी सांगते.