ड्रायव्हरचं तिकीट

देवराव अठ्ठावीस वर्षं अमरावती–धारणी गाडीवर कंडक्टर होते. रिटायर झाले, खाकी गेली, नजर काही गेली नाही. तिला आता एकच काम उरलं होतं: टीव्हीवरचे सायकॉलॉजिकल थ्रिलर. देवराव त्यांना डोस्क्याचे पिच्चर म्हणत. दहाव्या मिनिटाला ते गुन्हेगार धरत आणि खणखणीत आवाजात सांगून टाकत. शेजाऱ्यांनी म्हणूनच त्यांना सिनेमाला बोलावणं सोडलं होतं.

पद्धत सोपी होती. बिनतिकिटाचा माणूस कंडक्टर जवळ आला की खिडकीबाहेरचे साग मोजायला लागतो, नाहीतर न विचारता गोड होऊन म्हणतो, "साहेब, जेवन झालं का?" सिनेमातला हळू बोलणारा डॉक्टर म्हणजे हाच जेवणाची चौकशी करणारा. आरसा दोनदा दिसला, की एका माणसाची दोन माणसं निघणार. दाराची किर्रर्र आणि पियानोची टिंग... टिंग ऐकू आली, की मांजर येणार; खरा माणूस नंतर, गुपचूप.

पण त्या रविवारी देवरावांना हीच नजर नकोशी झाली होती. नात दीक्षानं कॉलेजच्या स्पर्धेसाठी बारा मिनिटांचा असाच सिनेमा केला होता. चार महिने पोरगी त्यात बुडाली होती. पाठवायची मुदत संध्याकाळी सहाची, आणि तिची अट एकच: आबाजींनी शेवटाआधी ओळखलं, तर पाठवणारच नाही. वर, खोटं बोलाल तर मले समजते, असंही बजावलेलं. फुकट्याला सोडून द्यावं असं देवरावांना जन्मात पहिल्यांदा वाटत होतं. पण नजर काय कोणाच्या बापाचं ऐकते?

चार वाजता लॅपटॉप लागला. पडद्यावर त्यांचंच घर आणि त्यांचीच बायको इंदूबाई! ते पेन्शनवाल्यांच्या बैठकीला गेले असताना दोघींनी शूटिंग उरकलं होतं. सिनेमातली ही आजी आपली कहाणी सांगत होती. घरातल्या वस्तू आपोआप हलतात, चष्मा माठात सापडतो, चाव्या तांदळात. सून सारख्या गोळ्या देते. डॉक्टर मधात बुडवून बोलतो.

देवरावांनी डॉक्टर धरला, मग सोडला; इतका उघडा फुकटा नसतो. सून धरली, तीही सुटली. आरसा एकदाच आला. आठवं मिनिट आलं. पुढून मागे, मागून पुढे सगळी गाडी तपासली, सगळ्यांकडे तिकीट.

शेवटी आजी एकटी उरली. तिनं चष्मा अलगद माठात सोडला आणि थेट बघणाऱ्याकडे पाहून हसली.

देवराव लॅपटॉपकडे वाकले. "अवं, पन हे तर गोष्ट सांगून राहिली होती."

"मंग?" दीक्षा म्हणाली. "आबाजी, तुमी अठ्ठावीस वर्षांत ड्रायव्हरले कधी तिकीट मांगतलं का?"

देवराव ठसका लागेपर्यंत हसले. ठसका आवरला तसं त्यांनी घड्याळाकडे बोट केलं. "पाठव लवकर, काहून बसून राहिली?"

सिनेमा साडेपाचला गेला. सहा वाजता पेपर वाचायला घेतला, तर देवरावांचा चष्मा जागेवर नव्हता. माठात हात घातला. नव्हता. तांदळाच्या डब्यातही नव्हता.

इंदूबाई ओट्याशी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "साहेब, जेवन झालं का?"