बघूमामाने मागितलेला वस्तरा

आमच्या रस्त्यावर सध्या अशी बातमी फिरते आहे, की माझ्या मामाने भर दुकानात सासऱ्यांच्या हातातला वस्तरा हिसकावला आणि त्यांना दंडाला धरून पायरीखाली उतरवलं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तर हे सांगताना इस्त्री उचलून दाखवतो, आणि दर खेपेला म्हाताऱ्याला थोडं अधिक लांब फेकतो.

साफ खोटं. हिसकावायला हिंमत लागते. माझ्या मामाला दुकानातला नवा आरसा कुठल्या भिंतीवर लावायचा हेसुद्धा ठरवता आलं नव्हतं. बिचारा आरसा कागदात गुंडाळलेला, तोंड भिंतीकडे करून उभा असायचा. काहीही विचारा, मामा मान तिरकी करतो, मिशीचं टोक चावतो आणि म्हणतो, "बघू." म्हणून घरात सगळे त्याला बघूमामा म्हणतात, तेही त्याच्या तोंडावर.

दुकान सासऱ्यांचं. मी त्यांना आजोबाच म्हणतो. दाढी करायला मामाला त्यांनीच शिकवलं, आधी साबण फासलेल्या फुग्यावर, मग स्वतःच्या गालावर. आता त्यांचाच हात थरथरायला लागला होता. केस कापताना ते खपून जायचं, पण गळ्यावर वस्तरा म्हणजे चेष्टा नव्हे. त्यांना थांबवायचं कुणी? मामाने. आणि मामा काय करत होता? बघत होता.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मामी नाकातून बोलायची, "मन काय सांगतंय ते ऐका हो. बाबा आहेत माझे. वस्तरा काढून घेतलात तर जेवायचे नाहीत ते." मोठी मावशी म्हणायची, "भावनेच्या भरात वाहून जाऊ नकोस रे. डोकं वापर, डोकं," आणि स्वतःच्या कपाळावर बोट आपटायची, जणू आत कुणी आहे का ते बघतेय. मामाला दोघींचं पटायचं. सकाळी डोक्याचं, संध्याकाळी मनाचं.

दुकान उघडण्याआधी सासरे-जावई एकमेकांची दाढी करायचे, ही त्यांची जुनी पद्धत. त्यातच मामाने स्वतःपुरता तोडगा काढला. ज्या दिवशी आपल्याला कापेल, त्या दिवशी बोलायचं. कापलं. मामा म्हणाला, "ओठाजवळ होतं, ते धरायचं नाही." मग कानाखाली कापलं. "माझीच मान हलली." तुरटी फिरवून फिरवून त्याचे गाल पांढरट पडले, तोंड मात्र उघडेना. गिऱ्हाइकांना तेवढं हळूच वळवायचा: "दाढी ना? या इकडे, तिकडची खुर्ची डुगडुगते." खुर्ची ठणठणीत होती. मामी याला माया म्हणते. मी भित्रेपणा म्हणतो, आणि माझं मत अजून बदललेलं नाही.

मग एका सकाळी शाळेतले जुने मास्तर आले. "मी यांच्याकडेच करणार," म्हणून ते आजोबांच्या खुर्चीत बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले. मी बाकावर पेपर चाळत होतो. आजोबांनी वस्तरा गळ्याशी नेला आणि पातं थरथरायला लागलं. मी मामाकडे पाहिलं. मान तिरकी झाली. मिशी दातात गेली. झालं, म्हटलं, आता बघू.

तो आपलं गिऱ्हाईक सोडून तिकडे गेला आणि त्याने तळहात पुढे केला.

"बाबा, वस्तरा द्या."

"का?"

"हात थरथरतोय तुमचा."

"तुझ्या गालांनी तर कधी तक्रार केली नाही."

"त्यांनी केली. मीच गप्प बसलो. द्या."

म्हणे हिसकावला. आजोबांनी वस्तरा पुसला, मिटला आणि मामाच्या तळहातावर ठेवला. खुंटीवरचा सदरा चढवला. मामा म्हणाला, "उद्यापासून केसांचं मशीन तुमच्याकडे. पोरांचे केस तुम्हीच कापायचे. लवकर या." आजोबा पायऱ्या उतरले, स्वतःच्या पायांनी. फेसातून मास्तरांनी विचारलं, "आणि माझं काय?"

दुपारी घरी मामीने ताट जरा जोरातच ठेवलं. "मारलंत ना मन?"

"मन मारलं असतं तर मशीन कशाला देऊ केलं असतं?" मामा म्हणाला.

तेवढ्यात मावशीचा फोन. "शाब्बास. वापरलंस एकदाचं डोकं."

"कसलं डोकं, ताई. पोटात गोळा आला होता."

मला राहवेना. "मामा, आजोबा आता दुकानाची पायरी चढायचे नाहीत. लाव पैज."

"येतील."

बघू नाही. येतील.

"आणि आले तर?"

"तर पहिले केस तुझे."

माझे केस तेव्हा मानेवर रुळत होते, आईच्या शिव्या खाऊन खाऊन वाढवलेले. पण या माणसाकडून पैज हरणं मला शक्यच वाटेना. मी हात मिळवला.

दुसऱ्या सकाळी आजोबा आले. कुणाकडे न बघता सदरा खुंटीला लावला, मशीन उचललं, त्यावर फुंकर मारली.

"याला तेल घालायचं कुणाला सुचलं नाही वाटतं. पहिला कोण आहे?"

मामाने कापड झटकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन बसलो.