वाघूळकाका दोर सोडायला शिकतात

अठ्ठावीस वर्षं उंच इमारतींच्या काचा बाहेरून, दोराला लटकून पुसणारा माणूस शेवटी पडला तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून. स्टुलाची उंची दीड फूट. पंख्याच्या पात्यांवरची धूळ बायकोने तीनदा दाखवली होती. चौथ्यांदा दाखवू नये म्हणून ते फडकं घेऊन चढले, स्टुलाचा एक पाय फरशीच्या खाचेत गेला आणि डावा घोटा मोडला. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी काम काय करता ते विचारलं, आणि उत्तर ऐकून पेन सरसावून म्हणाले, "कितव्या मजल्यावरून पडलात?"

"तळमजल्यावरून," बायको म्हणाली.

कामावर त्यांना वाघूळकाका म्हणत, कारण वटवाघळासारखे ते दिवसभर लटकलेले असायचे. नवी मुलं तोंडावर नुसतं 'वाघकाका' म्हणायची आणि उरलेलं शेपूट पाठ वळल्यावर जोडायची. काकांना ते ठाऊक होतं. पण निदान अर्धा मान तरी समोर मिळतोय, म्हणून ते गप्प बसत.

दोराच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकून घेत नसत. हुक तीन वेळा ओढून बघायचा. मुख्य दोराच्या जोडीला सुरक्षेचा दुसरा दोर असल्याशिवाय गच्चीचा कठडा ओलांडायचा नाही. खाली उतरायचं तर वर गच्चीवर उभ्या असलेल्या जोडीदाराला "ढील" म्हणून हाक द्यायची. तो दोर सैल करणार, आपण नाही. स्वतःचा दोर स्वतः सोडणारा माणूस त्यांच्या लेखी एक तर वेडा, नाही तर कामावरचा पहिलाच दिवस असलेला.

प्लास्टर दीड महिन्याचं होतं. झोपायच्या खोलीच्या दाराला उंबरा, तो कुबड्यांवर ओलांडता येईना, म्हणून त्यांची खाट बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर आली. त्यामुळे पंचाईत झाली ती सुनेची.

सून घरात येऊन आठ महिने झाले होते. त्यातले चार महिने मुलगा जहाजावर होता. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती; पहाटे जायची, दुपारी तीनला यायची. सासूशी तिचं चांगलं जमायचं. सासऱ्यांशी जमत नव्हतं असंही नाही, पण या मुलीला 'तू' म्हणावं की 'तुम्ही' हे काकांचं आठ महिन्यांत ठरलं नव्हतं. म्हणून ते ज्यात दोन्हीपैकी काहीच लागत नाही अशीच वाक्यं शोधून बोलायचे. "जेवण झालं?" "चावी घेतली?" "उशीर होणार?" एवढ्या तीन वाक्यांवर त्यांनी आठ महिने काढले होते.

आणि सून दुपारी चहा झाल्यावर तासभर टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळायची. यंत्र नवऱ्याचं. तो जाताना म्हणाला होता, माझा पहिला नंबर कुणी मोडायचा नाही. आणि हिने तो पंधरा दिवसांत मोडला होता. आता सासरा समोर खाटेवर पाय उंच करून पडलेला. दोन दिवस तिने यंत्राला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सासूच म्हणाली, "खेळ गं तू. त्यांना झोप लागलीय."

झोप लागली नव्हती. काका डोळे किलकिले करून बघत होते.

पडद्यावर खोल दरी होती. तिच्यावर अधूनमधून लाकडी तुळया आडव्या आलेल्या, त्यांना लोखंडी कड्या. एक लाल टोपीवाली मुलगी दरीच्या काठावरून धावत आली, उडी मारली, हवेतच हातातला दोर फेकला, हुक कडीत अडकला, तिने झोका घेतला आणि झोका वर जाता जाता दोर सोडून दिला. हवेत. खाली काही नाही. मग पुढच्या कडीला दुसरा हुक.

काकांचे डोळे सताड उघडले. एक झाला, दोन झाले, तिसऱ्या झोक्याला त्यांना राहवलं नाही.

"अगं, तू तो हुक ओढून बघितलास का?"

सून दचकली, तिचा अंगठा सुटला आणि टोपीवाली किंचाळत दरीत गेली. स्वयंपाकघरातून सासू धावत आली. "कोण पडलं?"

"मी नाही," काका म्हणाले.

'तू' म्हणून झालं होतं, आता परत घेता येत नव्हतं. मग त्यांनी मनात साठलेलं सगळंच बाहेर काढलं. हेल्मेट कुठाय? दुसरा दोर कुठाय? त्या तुळईला वाळवी लागलेली नाही हे कुणी बघितलं? वर माणूस कोण आहे? सून शांतपणे ऐकून घेत होती. शेवटी तिने कंट्रोलर त्यांच्यापुढे धरला. "बाबा, तुम्हीच न्या मग तिला नीट पलीकडे."

पहिल्या दुपारी टोपीवाली एकेचाळीस वेळा पडली. त्यातली पहिली नऊ पडणी काकांना बटण सापडेना म्हणून. त्यांचे अंगठे एवढे जाड की एकाच दाबात दोन बटणं जात. मुलगी उडी मारायच्या ऐवजी खाली बसायची आणि बसल्या बसल्या घसरून जायची. दहाव्या खेपेला मात्र हुक अडकला आणि ती झोका घेऊ लागली. पुढे, मागे, पुढे, मागे.

"सोडा आता," सून म्हणाली.

"सोडतो."

पुढे, मागे.

"बाबा, बटण सोडायचं."

"कळलं गं मला."

अंगठा उठत नव्हता. काका त्याच्याकडे परक्याच्या अंगठ्याकडे बघावं तसे बघत होते. पाच मिनिटं झाली. झोका मंदावत मंदावत थांबला आणि टोपीवाली दरीच्या मधोमध शांतपणे लटकून राहिली.

"ही सुरक्षित आहे," काका म्हणाले. "आता कुणीतरी वरून ओढून घ्यायचं."

सुनेने मग त्यांना पद्धतशीर शिकवायला घेतलं. लॅबमध्ये नव्या मुलींना सुई टोचायला तीच शिकवायची, त्यामुळे चिकाटी होती. झोका खाली येताना कंट्रोलरवरची कांडी पुढे ढकलायची, मागे जाताना मागे, म्हणजे वेग वाढतो. खालच्या टोकाला दोर थोडा आखडून घ्यायचा, म्हणजे आणखी वाढतो. हे काकांना लगेच जमलं. खिडकी आत सरकलेली असली की भिंतीला पायाने रेटा देऊन झोक्याने तिथवर जायचं, हे त्यांनी हजारदा केलेलं. पण सोडण्यापाशी गाडी अडायची.

चौथ्या दिवशी त्यांनी जिवावर उदार होऊन सोडला. झोका पुढे अगदी टोकाला गेला, क्षणभर थांबला, तेव्हा. मुलगी पलीकडे जायच्या ऐवजी दगडासारखी सरळ खाली गेली.

"हे चुकीचं आहे," काका रागावले. "टोकाला गेल्यावर पोटात पोकळ होतं, अंगाला वजन राहत नाही. काचेला हात घालायचा तो तेव्हाच. हे मला सांगायचं नाही."

"हात घालायला बरोबर, बाबा. पण तिथे वेग संपलेला असतो ना. जायला वेग पाहिजे. टोकाच्या जरा आधी, वर जाता जाता सोडायचा."

"वेगात असताना दोर कोण सोडतं?"

"पलीकडे जायचं असेल तो."

दारात भाजी निवडत उभी असलेली सासू म्हणाली, "बघू मला." ती जन्मात स्टुलाच्या वर चढली नव्हती. तिने तो कंट्रोलर मोबाइल धरावा तसा उलटा धरला, सुनेने सरळ करून दिला. पहिल्या खेपेला पडली, दुसऱ्या खेपेला पडली, तिसऱ्या खेपेला पलीकडे पोचली.

"कसं केलंस?" काकांनी विचारलं.

"मनात म्हटलं, पुरे आता. आणि सोडला."

"असं नसतं ते."

"नसेल. मी अठ्ठावीस वर्षं तुम्ही संध्याकाळी घरी येईपर्यंत जीव टांगणीला लावून बसलेय. मला लटकण्याची हौस नाही." आणि ती भाजी घेऊन आत गेली.

त्या दिवशी काकांनी कंट्रोलर परत हातात घेतला नाही. सुनेला वाटलं, हरल्याचा राग आला असेल. थोडा आलाही होता. पण त्याहून जास्त त्यांना हे खटकत होतं, की बायकोने हे आजवर कधी सांगितलं नव्हतं. डबा भरून द्यायची, दार लावून घ्यायची. त्यांना वाटायचं, हिला सवय झालीय.

दुसऱ्या दिवशी सुनेला युक्ती सुचली. "बाबा, कामावर ढील कोण देतं?"

"वरचा जोडीदार."

"मग इथे मी वरची. मी 'ढील' म्हटलं की अंगठा उचलायचा. तुम्ही सोडायचाच नाही. मी सोडतेय."

हे काकांना पटलं. झोका भरला, खालून वर निघाला, सून म्हणाली "ढील", आणि अठ्ठावीस वर्षं त्या शब्दावर हललेल्या माणसाचा अंगठा आपोआप उठला. टोपीवाली पलीकडच्या खडकावर दोन पायांवर उतरली. काकांनी कंट्रोलर खाटेवर ठेवला, चष्मा काढून पुसला आणि बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत त्यांनी पडद्याला हात लावू दिला नाही.

आता अडचण अशी झाली की सकाळी सून लॅबमध्ये आणि काकांना खेळायची तर तलफ. मग बायको स्वयंपाकघरातून "ढील" म्हणायची. पडदा तिला तिथून दिसायचा नाही. ती कणीक मळता मळता अंदाजाने म्हणायची, कधी फोनवर बहिणीशी बोलताना मध्येच म्हणायची. बहिणीने दोनदा विचारलं की तुमच्याकडे पतंग उडवतात का. टोपीवाली अशा वेळी मागच्या मागे, दगडावर आपटून पडे. "तुझ्यासारखी जोडीदार गच्चीवर असती तर मी पहिल्या दिवशीच संपलो असतो," काका म्हणायचे. "तो कंट्रोलर माझ्याकडे द्या मग," ती म्हणायची, आणि द्यावा लागायचा.

पाचव्या आठवड्यात सून एकदा उशिरा घरी आली. चप्पल काढली, बॅग ठेवली, चहा नको म्हणाली आणि खाटेशेजारच्या खुर्चीत बसून राहिली. काका खेळत होते. झोका भरून तयार होता. 'ढील' काही आलं नाही.

पुढे, मागे.

काकांनी वळून पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. जुनी तीन वाक्यं त्यांच्या तोंडाशी आली. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"काय झालं गं?" ते म्हणाले.

तिने आधी काही नाही म्हणून सांगितलं. मग बोलायला लागली. दोन बाटल्यांवरची लेबलं अदलाबदल झाली होती. एका म्हाताऱ्या बाईंचा अहवाल दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघाला. तो बाहेर जायच्या आत तिच्याच लक्षात आलं, तिनेच जाऊन सांगितलं, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर तिलाच झापलं. लेबल लावणारी दुसरीच होती. तिचं नाव हिने घेतलं नाही.

"का नाही घेतलंस?"

"तिला कामाला लागून चौदा दिवस झालेत, बाबा. रडायच्या बेताला आली होती."

काका ऐकत होते. कांडी त्यांच्या बोटांत आपोआप पुढे-मागे होत होती, टोपीवाली झोके घेत होती. ते म्हणाले, कामाच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या हातून पाण्याची बादली सुटली होती, बाराव्या मजल्यावरून. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. गच्चीवरच्या जोडीदाराने मुकादमाला सांगितलं की बादली आपल्याच हातून सुटली. का सांगितलं, ते त्याला विचारायचं राहून गेलं. नंतर तो गाव सोडून गेला. "ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही," ते म्हणाले. "आईला सांगू नकोस."

"काय सांगू नको?" दारातून बायकोने विचारलं.

दोघांनी दाराकडे पाहिलं. बायको टीव्हीकडे बघत होती. "अहो, ती पलीकडे पोचलीय."

खरंच पोचली होती. खडकावर उभी राहून टोपी सारखी करत होती. अंगठा केव्हा उठला ते काकांना कळलंही नव्हतं. त्यांनी परत मागे जाऊन तसंच करून बघितलं, आणि ती पडली. पुन्हा केलं, पडली. तिसऱ्यांदा त्यांनी सुनेला विचारलं, "लॅबमध्ये उद्या काय सांगणारेस मग?" आणि ती उत्तर देत असताना झोका वर जाता जाता सोडला. जमलं. त्या दिवसापासून दरी ओलांडायची असली की काका कुणाशी तरी गप्पा मारत. कुणी नसलं तर टोपीवालीशीच बोलत.

प्लास्टर निघालं. घोटा जुळला, पण पावसाळी हवेत दुखणार, आणि भिंतीला रेटा द्यायचा तर त्या पायाचा भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. कंपनीच्या साहेबांनी फोनवर दुसरं काम देऊ केलं: गोदामात बसून रोज सकाळी दोर, पट्टे, हुक तपासायचे आणि नव्या मुलांना शिकवायचं. काकांनी चार दिवस मागून घेतले. चारही दिवस ते जेवताना बायकोकडे बघायचे आणि विषय काढायचे नाहीत. पाचव्या सकाळी त्यांनी साहेबांना होकार कळवला आणि फोन ठेवून म्हणाले, "गोदामात पंखा आहे का, ते विचारायचं राहिलं."

"असला तर पुसायला जाऊ नका," बायको म्हणाली आणि आत जाऊन बराच वेळ तिने नळ सोडून ठेवला. घासायला भांडं एकही नव्हतं.

मुलगा दोन महिन्यांनी सुट्टीवर आला. पहिल्याच दुपारी तो टीव्हीसमोर बसला आणि गुणांची यादी उघडून बघत राहिला. पहिली बायको, दुसरी आई, तिसरे बाबा. तो चौथा. त्याने वळून बघितलं, तर वडील खाटेवर मांडी घालून बसलेले आणि त्याची बायको त्यांना सांगत होती की कालच्या दरीत तुम्ही दोर आखडायला उशीर केला.

"बाबा तुझ्याशी बोलतात?" त्याने तिला हळूच विचारलं.

"थांबतात कुठे," ती म्हणाली.

त्याने कंट्रोलर उचलला. टोपीवाली धावत निघाली, दोर फेकला, झोका घेतला, आणि खाटेवरून वडील म्हणाले, "हुक बघितलास का?"