बुधवारी चार वाजता

दुखणं घड्याळ बघून येत नाही, असं मी ठामपणे मानत होतो. बायकोचं डोकं रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी दुखायला लागायचं आणि तिच्यावर विश्वास न ठेवायला मला तेवढं कारण पुरेसं होतं.

रोज म्हणजे वर्षभर नव्हे. होळीच्या आधी सुरू व्हायचं, पाच-सहा आठवडे चालायचं आणि थांबायचं. दसऱ्याच्या सुमाराला पुन्हा तेच. मधले महिने ती ठणठणीत असायची. आमची केळी पिकवायची वखार बुऱ्हाणपुरात घराला लागूनच आहे. जवळच्या शाहपूरकडून आलेला हिरवा माल बंद खोल्यांत ठेवायचा, पिवळा झाला की बाहेर काढायचा, हा आमचा धंदा. वखारीतल्या माणसांचा चहा साडेतीनला घरातून जातो. नेमकी त्याच वेळी बायको आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. आई म्हणायची, "हिचं डोकंही शहाणं आहे. बरोबर चहाच्या टायमाला दुखतं." मी हसायचो. हसलो नसतो तरी चाललं असतं, पण हसायचो.

दोन-तीनदा मी त्या खोलीत डोकावलो होतो. ती पडून नसायची. येरझाऱ्या घालायची, डाव्या कानशिलावर मूठ मारायची, भिंतीला कपाळ घासायची. माझ्या मोठ्या बहिणीला अर्धशिशी आहे. ती अंधार करून निपचित पडते, आवाजसुद्धा सहन करत नाही. ही तर चालत होती. म्हणजे हे नाटक, असं मी ठरवून टाकलं. तास-सव्वा तासाने ती तोंड धुऊन बाहेर यायची आणि संध्याकाळच्या कामाला लागायची. एवढं लवकर बरं होणारं दुखणं मला आणखीच खोटं वाटायचं.

गावात उपाय झाले. चष्मा झाला, नाकात थेंब झाले, एक चांगली दाढ काढून झाली. मुलगी पोटात होती त्या वर्षी होळी गेली, दसरा गेला, डोकं एकदाही दुखलं नाही. आई म्हणाली, आता कोणी काम सांगत नाही ना, मग कशाला दुखेल. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत दुखणं परतलं तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

आता जे सांगायचं आहे ते चार वर्षांपूर्वी घडलं. एका बुधवारी आई मावशीकडे गेली होती. सकाळी मी बायकोचा मोबाईल 'चार्जिंगचं बघून आणतो' म्हणून घेऊन गेलो. त्याला काही झालेलं नव्हतं. पोट बरं नाही म्हणून ती दुपारी जेवली नाही, तशीच आडवी झाली. ती झोपलेली असताना मी स्वयंपाकघरातलं आणि पुढच्या खोलीतलं अशी दोन्ही घड्याळं पन्नास मिनिटं पुढे केली. नाटक असेल तर ती घरातल्या घड्याळाच्या तीन-दहाला उठून आत जाईल, असा माझा हिशेब होता. मनगटावरचं घड्याळ खिशात टाकून मी पेपर घेऊन बसलो.

ती उठली आणि मेथी निवडायला बसली. घड्याळात तीन-दहा झाले. तिने वर पाहिलं आणि हात थांबवला. मी पेपराआडून बघत होतो. तीन-वीस झाले. साडेतीन झाले. ती मेथी तशीच टाकून उठली आणि तिने चहा टाकला. किती वर्षांनी दुखण्याच्या दिवसांत तिने साडेतीनचा चहा केला होता. कप माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आज चुकलं वाटतं." तिचा चेहरा इतका उजळला होता की मला तिच्या लग्नातला चेहरा आठवला.

घरातल्या घड्याळात चार वाजले. माझ्या खिशातल्या घड्याळात तीन-दहा. तिने डाव्या डोळ्यावर तळहात दाबला आणि भिंत धरत आत गेली.

नाटक नव्हतं. पण त्या क्षणी मी काय केलं? आतून तिचं कण्हणं ऐकू येत असताना खुर्चीवर चढून मी दोन्ही घड्याळं मागे केली.

त्या दिवसानंतर मी तिला टोमणा मारला नाही. पण सांगितलंही नाही. ती बुधवारचा उपास करू लागली, तेव्हा कशासाठी ते विचारलं नाही.

गेल्या वर्षी तिच्या पाळीचं चक्र बिघडलं आणि होळीचा हंगाम सहाऐवजी दहा आठवडे लांबला. मुलगी इंदूरला शिकते. तिने हट्टाने तिथल्या एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. हंगाम संपला होता तरी आम्ही गेलो. बायकोने पिशवीतून जुनी कॅलेंडरं काढली. गॅसची टाकी कधी लावली, दूधवाला कधी आला नाही, त्याच चौकटींत तिने चार वर्षांच्या वेळा लिहिल्या होत्या. तीन-दहा, तीन-पाच, तीन-दहा. पाळीच्या तारखांना लाल टिकली. हे कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात टांगलेलं असतं आणि मी रोज त्यासमोर जेवतो. वाचलं कधी नव्हतं.

डॉक्टरबाई बराच वेळ पानं उलटत राहिल्या. डोळ्याला पाणी येतं का, त्याच बाजूची नाकपुडी गळते का, पापणी उतरते का, बसवत नाही का, असं त्यांनी विचारलं. बायको प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती. आपण न सांगता कोणीतरी आपली गोष्ट जाणतं, याचंच तिला रडू आलं. त्या दुखण्याला नाव होतं, क्लस्टर डोकेदुखी. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढा एक भाग आहे, दिवस-रात्र आणि ऋतू तो सांभाळतो आणि झोपेच्या, पाळीच्या, दुधाच्या हार्मोनची सूत्रंही त्याच्याच हातात असतात, असं त्या म्हणाल्या. या दुखण्याची वेळ बहुधा तिथूनच ठरते. गरोदरपणात थांबणं, पाळी बिघडल्यावर लांबणं, याचा हार्मोनशी संबंध असू शकतो. पण पक्कं अजून कोणालाच माहीत नाही, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, वेळ कधी कशाने बदलली होती का?

बायकोने एक पान काढलं. तिथे एक चौकट पेनने गोल केली होती. बुधवार, चार वाजता. "उस दिन लेट आया था, मॅडम," ती म्हणाली. "मैंने कुछ खाया नहीं था. तबसे बुधवार करती हूँ."

तीन वर्षं ती माझ्या लबाडीचा उपास करत होती.

मी म्हणालो, त्या दिवशी घरातली घड्याळं पन्नास मिनिटं पुढे होती. मी केली होती. ही खरं बोलते का ते बघायला.

डॉक्टरबाईंनी मनात वजाबाकी केली असावी, कारण त्या पुन्हा चौकटीवर वाकल्या. माझ्याकडे न बघता हळू म्हणाल्या, "फिर तो पूरे कैलेंडर में यही एंट्री सबसे पक्की है."

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली. असीरगढच्या पायथ्याशी गाडी थांबली तेव्हा तिने भजी मागवली. बुधवार होता. तिने सावकाश सगळी भजी खाल्ली, कागदाला हात पुसले आणि मग विचारलं, "पुढे केलं ते समजलं. मागे कधी केलं?"

मी खरं सांगितलं. तू आत होतीस तेव्हा.

"हं," ती म्हणाली, आणि बुऱ्हाणपूर येईपर्यंत बाहेर बघत राहिली. तिने मला माफ केलं असं मला म्हणता येणार नाही. मी विचारलंही नाही, कारण विचारणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं झालं असतं.

मी वखारवाला माणूस. बंद खोलीत वायूचा एवढासा झोत सोडला की हजारो केळ्यांना वेळ कळते, आणि चार दिवसांनी दार उघडावं तर सगळी खोली पिवळी. हा वायू म्हणजे फळाचं हार्मोनच, असं कृषी खात्याच्या माणसाने मला कधीच सांगितलं होतं. केळ्याच्या बाबतीत मी त्यावर एका दमात विश्वास ठेवला. आता माघ सरत आला की मी अंगणात उभा राहतो. दिवस किती मोठा झाला ते मला कळत नाही, पेपर बघावा लागतो. तिच्या आतल्या त्या हरभऱ्याला कळतं. भिंतीवरच्या घड्याळाला फसवता येतं, त्याला मी फसवू शकलो नाही. ज्या गोष्टीपुढे हात जोडायला हवे होते, तिची मी परीक्षा घ्यायला निघालो होतो.

यंदा होळीच्या आठ दिवस आधी, तीन वाजून दहा मिनिटांनी, वखारीत फोन वाजला. इतक्या वर्षांत या कामासाठी तिने मला कधी बोलावलं नव्हतं.

"डोळ्यामागे सुरू झालंय," ती म्हणाली. "या."

मी हातातलं केळ्यांचं कॅरेट तिथेच ठेवून गेलो. डॉक्टरांनी लिहून दिलेला ऑक्सिजनचा सिलिंडर पलंगाशी होता. मी मास्क लावला, चावी फिरवली आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसलो. चेहऱ्याच्या बरोबर मधून रेघ ओढावी तसं होतं. डावा डोळा लाल, वाहत असलेला, पापणी अर्धी उतरलेली, कपाळाचा तेवढाच भाग घामाने भिजलेला. उजवी बाजू नेहमीची. असं करून दाखवणं कोणत्या नटाला जमेल?

ती पुढे-मागे झुलत होती. दहा मिनिटांनी झुलणं मंदावलं. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं. पापणी सावकाश वर आली आणि दोन्ही डोळ्यांनी तिने मला पाहिलं. वखारीतून कोणीतरी मला हाक मारत होतं, म्हणून मी उठायला लागलो.

तिने मास्क बाजूला केला. "बसा थोडं," म्हणाली.

मी बसलो.